बिअरचा डबा, भिंतीवरचा ओपनर आणि आपण

वीकेंडला लिहायला बसलं की दोन प्रकारचे विषय सुचतात. एक, हापिसातली रडगाणी. दोन, ज्याचा हापिसाशी काडीमात्र संबंध नाही असं काहीही. आजचा विषय दुसऱ्या जातीचा आहे: भिंतीवर लावायचा बाटलीचा ओपनर. तोही हाताने बनवलेला, आणि बिअरच्या जुन्यापान्या डब्यापासून. हसू नका, मी सिरियस आहे.

ज्यांनी ही चीज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन. वीतभर रुंद, हातभर लांब अशी एक लाकडी फळी. बहुतेकदा एखाद्या पाडलेल्या कोठाराची, उन्हापावसात रापलेली. तिच्या वरच्या अंगाला स्क्रूने पक्का केलेला बिडाचा ओपनर. हो, तेच बीड, ज्याचा आपला घावनाचा तवा असतो. आणि ओपनरच्या बरोबर खाली, वरचं तोंड कापून काढलेला १९५०, ६० किंवा ७० च्या दशकातला बिअरचा डबा. बाटली उघडली की झाकण टण्णकन त्या डब्यात पडतं. दुसऱ्या प्रकारात डबा उभा चिरतात, पत्रा सपाट करून फळीवर बारीक खिळ्यांनी ठोकतात आणि त्यावर ओपनर बसवतात. इथे अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात, क्राफ्टच्या जत्रांमध्ये आणि एट्सीवर या गोष्टी ढिगाने मिळतात. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या बेसमेंटमध्येही त्यांनी शिरकाव केलाय. कोणी नवीन घर घेतलं की गणपतीची मूर्ती आणि वॉल क्लॉक यांच्या जोडीला आता हीसुद्धा एक गिफ्ट आयडिया आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत स्क्रोल करायला नको. मला ही वस्तू मनापासून आवडते. पण ती ज्या नावाखाली विकली जाते ते नाव मला पटत नाही. ‘अपसायकलिंग’, ‘एक डबा वाचवा, पृथ्वी वाचवा’ वगैरे. कारण त्या फळीवर जी दोन माणसं, सॉरी, ज्या दोन वस्तू शेजारी बसवल्यात, त्यांचं आयुष्यभर एकमेकांशी वैर होतं. आणि त्या भांडणात जो जिंकला त्यानेच कचऱ्याचा प्रश्न वाढवला. आता त्यालाच आपण पर्यावरणाचा हिरो म्हणून भिंतीवर टांगतोय. कसं ते सांगतो. थोडा इतिहास लागेल, पण बोअर करणार नाही.

आधी ओपनरचं इंजिनिअरिंग. (डिग्री कधीतरी वापरायला हवी ना राव!) हातातला साधा ओपनर ही तरफ असते हे आपण नववी-दहावीत कुठेतरी शिकलोय. टेकू झाकणाच्या वर, भार झाकणाच्या कडेला, जोर दांड्याला. भिंतीवरच्या ओपनरमध्ये गंमत अशी की ओपनर जागचा हलतच नाही. तरफेचं काम तुमच्या हातातली बाटली स्वतः करते. मान ओपनरमध्ये सारायची, बूड खाली दाबायचं, झालं. अख्ख्या बाटलीची लांबी दांड्यासारखी वापरली जाते, म्हणून जोर जवळजवळ लागतच नाही आणि दुसरा हात मोकळा राहतो. पण तो जोर जातो कुठे? भिंतीत! म्हणून या वस्तूत डबा कितीही देखणा असला तरी खरं काम बीड, स्क्रू आणि भिंत हेच करतात. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या डब्याच्या जिवावर ओपनर बसवला तर महिन्याभरात पत्रा फाटणार. डबा हा इथे फार तर यूझर इंटरफेस. बॅकएंड बिडाचाच.

आता हा ओपनर आला कुठून? बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर नावाच्या माणसाने १८९२ मध्ये ‘क्राउन कॉर्क’चं पेटंट घेतलं. म्हणजे आपलं दातेरी कडेचं पत्र्याचं झाकण. आतून कॉर्कची चकती, कडेला २४ दाते. (आज सहसा २१ दाते असतात. मोजून बघा, मी मोजलेत.) झाकण इतकं घट्ट की हाताने निघेना, म्हणून त्यानेच १८९४ मध्ये ओपनरचंही पेटंट घेतलं. आधी प्रॉब्लेम विकायचा, मग सोल्युशन विकायचं. आमच्या धंद्याचा मूळपुरुष शोभतो खरा!

पेंटर हा एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंचा मोठा भक्त. त्याच्या कंपनीत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक सेल्समन होता. लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोध, असा सल्ला पेंटरने त्याला दिल्याचं जिलेटनेच पुढे सांगितलं. जिलेटने काय शोधलं ते तुमच्या बाथरूममध्ये आहे.

पण गंमत बघा. पेंटरचं झाकण फेकायचं असलं तरी ते ज्या बाटलीवर बसायचं ती बाटली मात्र फेकायची नव्हती. काच महाग होती. बाटली कंपनीकडे परत जायची, धुतली जायची, पुन्हा भरली जायची, अशा खेपांमागून खेपा. आणि इथेच भिंतीवरच्या ओपनरचा जन्म आहे. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावची ब्राउन कंपनी ‘स्टार एक्स’ नावाचा बिडाचा ओपनर बनवायची, ज्याचं पेटंट १९२५ चं. आजही हाताने बनवलेल्या फळ्यांवर याच नमुन्याचा ओपनर सगळ्यात जास्त दिसतो. त्याची मोठी खासियत कोणती? झाकण काढताना बाटलीच्या काचेच्या ओठाचा टवका उडत नाही. ओठाची काच फुटली की बाटली बाद. म्हणजे हा ओपनर पिणाऱ्याच्या सोयीइतकाच बाटली वाचावी म्हणून बनवलेला होता. तो दुकानातल्या कूलरला किंवा भिंतीला ठोकलेला असायचा, कारण गिऱ्हाईकाने तिथेच उभं राहून प्यायचं आणि बाटली तिथेच ठेवून जायचं.

आता डोळे मिटा आणि आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरची टपरी आठवा. थंड पेयाच्या क्रेटला सुतळीने बांधलेला तो गंजका ओपनर आठवतोय? सुतळी का? लोक ओपनर पळवतात म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की ओपनर जिथे बांधलाय तिथेच बाटली उघडायची, तिथेच संपवायची आणि क्रेटमध्ये उलटी खोचायची. घरी न्यायची असेल तर टपरीवाले काका आधी बाटलीचं डिपॉझिट ठेवून घेणार आणि बाटली परत आणल्यावरच ते देणार. व्हर्जिनियाचा बिडाचा ओपनर आणि आपला सुतळीचा ओपनर, दोघांचं म्हणणं एकच: पेय तुझं, बाटली आमची.

आता या भांडणातली दुसरी पार्टी. २४ जानेवारी १९३५ ला बिअर पहिल्यांदा डब्यात विकायला आली. कंपनी क्रूगर, न्यूअर्कची. म्हणजे आमच्या न्यू जर्सीचीच. जिथून आपली निम्मी आयटी जनता एअर इंडियाचं विमान पकडते, ते न्यूअर्क. पण गंमत म्हणजे क्रूगरने डबे घरच्या मार्केटमध्ये न आणता पार व्हर्जिनियातल्या रिचमंडला नेऊन विकले. फसलं तर घरच्या मैदानावर शोभा नको! प्रॉडक्शनवर टाकण्याआधी लांबच्या सर्व्हरवर टेस्ट करतात ना, तसं.

लोकांना डबा आवडला. पण तो उघडायचा कसा? वरून सपाट, सगळीकडून बंद असा लोखंडी पत्र्याचा डबा. त्याला भोक पाडायला वेगळी अणकुचीदार किल्ली लागायची. तिला पुढे ‘चर्च की’ असं नाव पडलं. एक त्रिकोणी भोक प्यायला, दुसरं हवेला. सुरुवातीच्या डब्यांवर तर तो कसा उघडायचा याच्या सूचना चित्रांसकट छापलेल्या असायच्या. डब्यावरच युझर मॅन्युअल!

त्याच वर्षी दुसरा एक प्रकार आला, आणि आजच्या विषयाला तो सगळ्यात जवळचा आहे: कोन टॉप. डब्याचं डोकं नरसाळ्यासारखं निमुळतं आणि त्यावर चक्क बाटलीचं दातेरी झाकण. शिलट्झसारख्या मोठ्या कंपनीनेही १९३५ मध्येच तो आणला. का? कारण लहान ब्रुअरीजकडे बाटल्या भरायची यंत्रं होती, डबे भरायची नव्हती. कोन टॉप त्याच जुन्या यंत्रावर चालायचा आणि लोकांच्या घरातल्या जुन्याच ओपनरने उघडायचा. यालाच आम्ही शहाणी माणसं आज ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतो आणि त्यावर तीन तासांच्या मीटिंगा घेतो. ब्रिटनचा पहिला बिअरचा डबाही १९३५ च्या डिसेंबरात वेल्समधल्या फेलिनफोल ब्रुअरीने आणला, तो असाच कोन टॉप. तिथे आसपास कथील चढवलेल्या पत्र्याचे कारखाने होते आणि त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. म्हणजे बाटलीचा ओपनर आणि बिअरचा डबा यांची गाठ आजच्या हौशी कारागिराने मारलेली नाही. ती ९० वर्षांपूर्वीच पडली होती.

पण डब्याची खरी जाहिरात चवीची नव्हतीच. ती होती सुटकेची! डिपॉझिट नको, रिकाम्या बाटल्या साठवायला नकोत, दुकानात परत न्यायला नकोत. प्या आणि फेका. कंपन्यांचाही फायदाच: डबा हलका, रचायला सोपा, आणि परत आलेल्या बाटल्या गोळा करायचा, धुवायचा खर्च शून्य. दुसऱ्या महायुद्धात कथलाची टंचाई झाली तेव्हा १९४२ पासून अमेरिकेत घरगुती बिअरचे डबे बंद झाले आणि बाटली पुन्हा राणी झाली. सैन्याला मात्र हिरवट खाकी रंगाचे डबे जात राहिले. युद्ध संपलं, डबा परतला, आणि रस्त्याच्या कडेला रिकाम्या डब्याबाटल्यांचा खच पडायला लागला.

व्हरमाँट राज्याने १९५३ मध्ये परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था उभी राहिली. ऐकायला किती छान! संस्थेचा संदेश एकच: कचरा लोक करतात, लोकांनी सुधारावं. वस्तू बनवणाऱ्याने ती परत घ्यावी का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. १९५७ मध्ये व्हरमाँटचा कायदा मुदत संपून गेला. १९७१ मध्ये याच संस्थेची एक जाहिरात खूप गाजली. त्यात प्रदूषण पाहून एक रेड इंडियन रडतो. तो नट मूळचा इटालियन वंशाचा निघाला, ही आणखी एक गंमत. बग यूझरच्या माथी मारायची कला सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही मंडळी, ती आधीपासून होती.

डब्याने शेवटी ओपनरलाच संपवलं. ओहायोच्या अर्मल फ्रेझने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओढून काढायची रिंग आणली. म्हणे १९५९ मध्ये पिकनिकला ओपनर विसरला आणि गाडीच्या बंपरवर डबा उघडावा लागला, तेव्हा त्याला हे सुचलं. डब्याला ओपनर लागेनासा झाला, पण फेकलेल्या रिंगांनी समुद्रकिनाऱ्यांवर लोकांचे पाय कापायला लागले. मग १९७५ मध्ये रेनॉल्ड्स मेटल्सच्या डॅनियल कुडझिकची, डब्यालाच चिकटून राहणारी टॅब आली. आज कोकम सोड्याच्या डब्यापासून बिअरपर्यंत आपण तीच दाबतो. आणि ज्या पेंटरच्या झाकणाने ही कथा सुरू झाली त्याची क्राउन कंपनी आज काय करते? जगातल्या सगळ्यात मोठ्या डबे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक आहे ती.

तर आता त्या फळीकडे पुन्हा बघा. वर ‘बाटली परत दे’ म्हणणारा ओपनर, खाली ‘परत द्यायची कटकट संपली’ म्हणणारा डबा. आणि हरलेल्याच्या पायाशी जिंकलेल्याला झाकणं गोळा करायला बसवलंय! मला ही वस्तू आवडते ती या काव्यगत न्यायामुळे. पण तिच्यामुळे पर्यावरण वाचतं हा दावा म्हणजे टोटल मार्केटिंग. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका डब्याला फळीवर ठोकून आज वाचतो तो फार तर थोडा पत्रा. त्यासाठी फळी, स्क्रू, खोका, बबल रॅप आणि कुरियर. हिशोब तुम्हीच करा.

जुन्या वस्तूला नवीन काम देणं आपल्याला काही नवीन नाही हो. डालड्याच्या डब्यात तुळस आपल्या आज्यांनी लावली, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी ठेवली. त्यांनी त्याला इंग्रजी नाव दिलं नाही आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली नाही. वस्तू टिकाऊ होती, वाया घालवायची नव्हती, बस्स. डब्याच्या ओपनरकडे मी त्याच नजरेने बघा म्हणतो. काम करत असेल तर छान. पुण्य मिळतंय म्हणून नको.

“पण असे जुने डबे कापणं म्हणजे इतिहासावर कात्री चालवणं नाही का?” हा प्रश्न संग्राहक मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. इथे बिअरचे डबे जमवणाऱ्यांची संस्था १९७० मध्ये सेंट लुइसला सुरू झाली आणि आजही चालू आहे. या लोकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: डब्याचं वय ओळखायचं कसं. टॅब किंवा रिंग नसलेला सपाट डबा म्हणजे सहसा १९६० च्या दशकाच्या मध्याआधीचा. डब्यावर ‘इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड’ असं छापलेलं असेल तर १९५० पर्यंतचा, कारण तोपर्यंतच हा मजकूर छापावा लागे. कोन टॉप १९६० च्या आसपास बंदच पडला. यातलं काहीही चांगल्या स्थितीत हाती लागलं तर कृपया कात्री लांब ठेवा. कारागिराला शिव्या खायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

मग कापायचं काय? ज्यांना संग्राहक ‘डंपर’ म्हणतात ते, म्हणजे झाडीत, नाल्यात, जुन्या उकिरड्यांत सापडलेले, एका अंगाने गंजून गेलेले डबे. चांगली बाजू समोर, गंजकी बाजू फळीला. हा उपयोग सर्वार्थाने योग्य. किंवा १९७० च्या दशकातले लाखोंनी निघालेले साधे डबे. माझ्या मते सगळ्यात योग्य उमेदवार म्हणजे ‘बिली बिअर’. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या धाकट्या भावाच्या, बिलीच्या नावाने ही बिअर निघाली. वर्षभरात ती गुंडाळली गेली, आणि लोकांनी ‘पुढे लाखो मिळतील’ म्हणून डबे साठवून ठेवले. सगळ्यांनीच साठवले, म्हणून दुर्मिळ काही झालेच नाहीत आणि आजही किंमत चिल्लरच. आपल्याकडे नाही का, काही लोकांनी ७८६ नंबरच्या नोटा जपून ठेवल्यात, तसं. एवढी मस्त गोष्ट असलेला आणि कापताना अजिबात जीव न तुटणारा दुसरा डबा मला माहीत नाही.

ज्यांना स्वतः करून बघायचंय (मी तर म्हणतो कराच, शनिवार सत्कारणी लागेल) त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. डब्याला फ्रीजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी पत्रा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी डबा चांगला, अ‍ॅल्युमिनियमचा नुसत्या दाबाने चेपतो. कापलेली कड ब्लेडसारखी असते, तेव्हा हातमोजे घाला आणि कड कानसीने घासून आत वळवा. जुन्या लोखंडी डब्यांच्या उभ्या जोडाला आणि रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपरने रंग खरवडत बसू नका आणि त्या डब्यात खाण्यापिण्याचं काही ठेवू नका. आणि भिंत! इथल्या घरांच्या भिंती म्हणजे जिप्समचे बोर्ड. आतला लाकडी खांब, ज्याला स्टड म्हणतात, तो शोधून त्यातच स्क्रू मारा. हे खांब सहसा १६ इंचांवर असतात. पुण्या-मुंबईत विटांची भिंत असेल तर रावळ प्लग आणि ड्रिल मशीनवाले काका जिंदाबाद. नाहीतर पहिल्याच पार्टीत ओपनर, फळी, डबा आणि प्लास्टर असं सगळं एकदम हातात येईल.

आता थोडं उलट बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला डब्याबद्दल खुन्नस आहे. डबा वाईट नाही. अ‍ॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा अ‍ॅल्युमिनियम करायला, खनिजापासून नवीन बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच जड असते. बाटली शेकडो मैल नेऊन रिकामी परत आणायची तर ट्रकच्या डिझेलमध्ये फायदा उडून जातो. जवळच्या जवळ फिरणारी बाटली ही उत्तम सिस्टीम, लांबच्या प्रवासाला डबा ठीक. इंजिनिअर म्हणून मला दोन्ही मान्य आहेत. माझं म्हणणं एवढंच की वस्तू कशाची बनलीय यापेक्षा ती परत येते की नाही हा प्रश्न मोठा आहे. ओरेगनने १९७१ मध्ये अमेरिकेतला पहिला ‘बॉटल बिल’ आणला तो यासाठीच. रिकामी बाटली किंवा डबा परत द्या, पैसे घ्या. मिशिगनमध्ये १९७८ पासून डब्यामागे १० सेंट मिळतात. ‘साइनफेल्ड’च्या १९९६ च्या एका एपिसोडमध्ये क्रेमर आणि न्यूमन त्या १० सेंटांसाठी न्यूयॉर्कहून ट्रक भरून रिकाम्या बाटल्या-डबे मिशिगनला न्यायला निघतात. न्यूयॉर्कमध्ये डब्याला ५ सेंट आहेत. हडसन नदी ओलांडून आमच्या न्यू जर्सीत आलं की शून्य. एकाच डब्याची किंमत पुलाच्या अलीकडे पलीकडे बदलते, आणि लोकांची सवयही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ही सिस्टीम कायदा नसतानाच चालू होती. गोटी सोड्याची बाटली घ्या. हायरम कॉड या इंग्रज माणसाची १८७० च्या दशकातली डिझाईन, जिला ना झाकण लागतं ना बिडाचा ओपनर. गोटी आत ढकलायची, सोडा प्यायचा, बाटली गाडीवाल्याला परत. बिअरची ६५० मिलीची बाटली सोसायटीच्या वॉचमनमार्फत भंगारवाल्याकडे आणि तिथून पुन्हा कारखान्याकडे जायची वाट तर आजही आहे. ती वाट चालू आहे ती कोणाच्या कॅम्पेनमुळे नाही, हातगाडी ओढणाऱ्या माणसाला त्यातून दोन पैसे सुटतात म्हणून. आणि आम्ही काय करतोय? टपरीवरची काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली तेव्हा आम्हाला ‘सोय’ वाटली. सुतळीचा ओपनर गेला तेव्हा कळलंही नाही. आता तोच ओपनर बिडाचा, रापलेल्या फळीवरचा, जुन्या डब्यासकट आम्ही डॉलर मोजून विकत घेतोय. म्हणजे पद्धत गेली आणि तिचं शोपीस घरी आलं.

हे बदलता येणार नाही असं नाही. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात २०२२ मध्ये सरकारी दारूच्या दुकानांतून बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली आणली की ते परत द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. कारण डोंगरांत फुटलेल्या काचा जंगली जनावरांच्या पायात जात होत्या. गोव्यानेही २०२४ मध्ये डिपॉझिट रिफंडची योजना अधिसूचित केली. महाराष्ट्रात काय करता येईल यावर डोकं चालवायला आपल्यासारखी पोरं काय वाईट आहेत? क्यूआर कोड, यूपीआय, इन्व्हेंटरी, हे सगळं आपण रोज दुसऱ्यांच्या बँकांसाठी करतोच की! टपरीवाले काका जे गल्ल्यातल्या वहीवर करायचे ते फोनवर करायचंय, एवढंच.

असो. विषय कुठून निघाला आणि कुठे आला. तर ओपनर घ्या, बनवा, बेसमेंटमध्ये नाहीतर कोथरूडच्या बाल्कनीत लावा. फक्त गिफ्टबरोबर ‘इको-फ्रेंडली’ असं लिहिलेलं कार्ड असेल तर ते काढून ठेवा. आणि डबा झाकणांनी भरला की झाकणं कचऱ्याच्या पिशवीत ओतू नका. सुटं झाकण इतकं लहान असतं की वर्गवारीच्या यंत्रातून घरंगळून जातं. म्हणून ती सगळी एखाद्या लोखंडी पत्र्याच्या साध्या रिकाम्या डब्यात भरायची, तोंड पक्कडीने चेपायचं आणि मग रिसायकलला, नाहीतर भंगारवाल्याला द्यायचा. लोखंडात लोखंड. बाटल्याही त्याच खेपेला देऊन टाका. भिंतीवरचा तो जुना डबा मात्र रिकामा करून परत जागेवर लावा, त्याला अजून बरीच झाकणं झेलायची आहेत.

चला, रविवार संपत आला. उद्या सकाळी स्टँड-अप आहे.